दुखवलं, दुखावलं आणि ‘माले लागनं’

प्रश्न शिरपूर तालुक्यातल्या एका वाचकांचा आहे. त्यांच्या घरी श्रावणात कानबाई बसली, म्हणजे खान्देशातल्या या देवीची स्थापना झाली. भाऊबंदांना निरोप गेले, पण धुळ्यात राहणाऱ्या थोरल्या चुलतभावाला, म्हणजे जिभाऊंना, निरोप द्यायचा राहिला. जिभाऊंनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाईट वाटल्याच्या दोन ओळी टाकल्या. त्यावर यांनी उत्तर लिहिलं : ‘माझ्याकडून कळत-नकळत आपल्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर क्षमस्व.’ जिभाऊ शांत व्हायचे सोडून ग्रुपमधूनच बाहेर पडले. आता वाचक विचारतात : या वाक्यात चुकलं काय? ‘दुखवणे’, ‘दुखविणे’, ‘दुखावणे’, ‘दुखावल्या गेल्या’ यांतलं शुद्ध कोणतं? आई म्हणते, आपल्या घरात असं कोणी बोलतच नाही, मग अहिराणीत याला शब्द नाही का? आणि जाता जाता, मुलीच्या निबंधात ‘दुःखावले’ या शब्दाखाली बाईंनी लाल रेघ मारली, ती बरोबर का?

जळगावात आधी वर्तमानपत्राच्या मजकुरावर, मग पुस्तकांवर, लग्नपत्रिकांवर आणि जाहीर माफीनाम्यांवर लाल पेन चालवण्यात माझी नोकरी गेली. त्या पेनानं मी या वाक्यातला एक अनुस्वारही हलवला नसता. पण जिभाऊंच्या जागी असतो तर ग्रुप मीही सोडला असता. शुद्ध काय हे सांगायला चार ओळी पुरतील. जिभाऊ का उठून गेले, हे मात्र त्या क्रियापदाच्या पोटात शिरल्याशिवाय सांगता येणार नाही.

मूळ धातू साधा. ‘दुखणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. पोट दुखतं, डोकं दुखतं, गुडघा दुखतो. दुखणारा अवयव कर्ता होतो आणि ज्याचं दुखतं तो माणूस ‘माझं’, ‘तुझं’ असा बाजूला उभा राहतो. कोणी दुखवलं हा प्रश्नच इथे येत नाही. (एक विभक्ती बदलली की हेच क्रियापद किती लांब जातं पाहा. ‘त्याचं पोट दुखतंय’ म्हटलं की ओवा द्यायचा, ‘त्याच्या पोटात दुखतंय’ म्हटलं की दुसऱ्याचं बरं झालेलं त्याला बघवत नाही.)

या दुखण्याला करणारा जोडायचा असेल तर मराठी ‘व’ लावते. हसणे-हसवणे, रडणे-रडवणे, बसणे-बसवणे, तसंच दुखणे-दुखवणे. व्याकरणात याला प्रयोजक क्रियापद म्हणतात. ‘दुखविणे’ हे त्याचंच जरा जुन्या छापाचं रूप. दोन्ही चालतात, फक्त एका मजकुरात एकच धरावं. ‘दुखवणे’ आलं की वाक्याला कर्ता लागतोच. ‘त्याने तिचं मन दुखवलं.’ ‘मी आईला दुखवलं.’ ‘कुणाचं मन दुखवू नये.’ ‘कुणाचं मन दुखवू नये’ हे घराघरात सांगितलं जातं ते याच क्रियापदानं, कारण नको म्हणायचं ते करणाऱ्यालाच म्हणता येतं.

‘दुखावणे’ची गोष्ट वेगळी आहे. ‘आव’ लागून झालेली क्रियापदं आठवून बघा : रागावणे, सुखावणे, लाडावणे, सोकावणे, भांबावणे, मंदावणे, थंडावणे, खालावणे. यांतली बहुतेक सगळी एखाद्या अवस्थेत जाणं सांगतात. वारा मंदावतो, पोर लाडावतं, माणूस भांबावतो. कोणी भांबावून सोडलं ते सांगितलं तर सांगितलं, नाहीतर वाक्य पूर्णच आहे. ‘दुखावणे’ याच गोतावळ्यातलं. ‘ती दुखावली.’ ‘त्याचं मन दुखावलं.’ शरीराबद्दल तर आजही ते जवळजवळ याच अर्थानं येतं : बैलाचा पाय दुखावला, गोलंदाजाचा स्नायू दुखावला. क्रीडापानावर ‘स्नायू दुखावल्याने तो सामन्याला मुकला’ असं आम्ही शेकडो वेळा छापलं असेल. स्नायू कोणी दुखावला असं एकाही वाचकानं विचारलं नाही.

म्हणजे ‘दुखवणे’ ही करणी आणि ‘दुखावणे’ ही अवस्था. लिहिताना एवढं धरलं तरी नव्वद टक्के काम होतं.

उरलेल्या दहा टक्क्यांत भांडण आहे. ‘त्याने मला दुखावलं’ हे लाखो लोक बोलतात, लिहितात, छापतात. शाळेत मला व्याकरण शिकवणारे एक गुरुजी हे वाक्य सरळ चूक ठरवायचे. मी ठरवत नाही. ‘आव’ लागला की क्रियापद अकर्मकच असतं असा नियम नाही. सुनावणे, दटावणे ही चांगली सकर्मक आहेत. शिवाय ‘सुखावणे’चं पाऊलही तिकडेच पडलं आहे. ‘मी सुखावलो’ हे जसं चालतं तसं ‘त्या बातमीने मला सुखावलं’ हेही आता खटकत नाही. ‘दुखावणे’ दोन्हीकडे चालू लागलं, रुळलं आणि लोकांनी घेतलं. छापील मजकुरात ‘त्याने मला दुखावलं’ आलं तर मी ते तसंच जाऊ देतो. पण लेखक ओळखीचा असेल तर समासात एक प्रश्नचिन्ह काढतो : त्याने काय केलं ते सांगायचं आहे, की तुम्हाला काय झालं ते? पहिलं असेल तर ‘दुखवलं’ जास्त नेमकं बसतं. दुसरं असेल तर कर्ता काढून ‘मी दुखावलो’ म्हणावं, किंवा ‘त्याच्या बोलण्याने मी दुखावलो’. या शेवटच्या वाक्यातला ‘ने’ करणाऱ्याचा नाही, कारणाचा आहे. ‘पावसाने रस्ता खचला’ यातला ‘ने’ तो हाच.

दोघांतला फरक कान तयार असला की विशेषणात सगळ्यात स्वच्छ ऐकू येतो. ‘दुखावलेली माणसं’ म्हटलं की नुसती माणसं दिसतात, मान खाली घातलेली, अबोला धरलेली. ‘दुखवलेली माणसं’ म्हटलं की लगेच विचारावंसं वाटतं, कोणी? म्हणून हे दुसरं रूप एकटं फारसं येत नाही, ‘मी दुखवलेली माणसं’ असं कर्त्याला सोबत घेऊनच येतं. आज्ञार्थातही पाहा. ‘त्याला दुखवू नको’ हे सहज येतं. ‘रागावू नको’च्या चालीवर ‘दुखावू नको’ म्हणजे ‘वाईट वाटून घेऊ नको’ असं व्हायला हवं होतं. तसं कोणी म्हणत नाही. तिथे आपण ‘वाईट वाटून घेऊ नको’च म्हणतो, म्हणजे पुन्हा करणीच्या भाषेत येतो आणि या वेळी करणी दुखावलेल्याच्याच गळ्यात घालतो. ‘मनाला लावून घेऊ नको’ हेही त्यातलंच. बोलणारा तू, लावून घेणारा मी, आणि चूकही माझीच! हे वाक्य दुखवणाऱ्यानं दुखावलेल्याला कधीही म्हणू नये असं माझं मत आहे. तिसऱ्यानं म्हटलं तर ठीक.

आता तुमचं वाक्य. ‘माझ्याकडून कळत-नकळत आपल्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर क्षमस्व.’

यात निरोप राहिल्याचा उल्लेखच नाही, इथूनच सुरुवात करू. मग ‘मी’ नाही, ‘माझ्याकडून’ आहे. मराठीत ‘कडून’ लावलं की माणूस करणाऱ्याच्या जागेवरून घडण्याच्या वाटेवर येऊन बसतो. ‘माझ्याकडून कप फुटला’ आणि ‘मी कप फोडला’ यांत कप फुटतो तो तेवढाच, पण आपण पोराला कोणतं वाक्य म्हणायला लावतो ते आठवा. त्यापुढे ‘कळत-नकळत’. निरोप न देणं कळत झालं की नकळत, हे तुमच्याशिवाय कोणाला माहीत असणार? तुम्हीच दोन्ही दारं उघडी ठेवलीत, तर जिभाऊ ‘कळत’च्या दारातून आत बघणार. मग ‘दुखावल्या गेल्या’. ‘दुखावल्या’ एवढ्यानंच काम भागलं असतं, कारण ती अवस्थाच आहे. त्यावर ‘जाणे’ चढवलं की वाक्य सरकारी परिपत्रकासारखं दिसू लागतं आणि माणूस आणखी एक पायरी मागे सरकतो. व्याकरणाला यात दोष नाही, कारण सकर्मक ‘दुखावणे’चा तो कर्मणी प्रयोग आहे. पण माझ्या पेनाखाली आलं तर ‘गेल्या’ मी बहुधा काढतो. शेवटी ‘असतील तर’. जिभाऊंनी ग्रुपवर स्वतः लिहिलं होतं की मला वाईट वाटलं. त्यावर ‘असतील तर’ म्हणजे तुम्ही म्हणता ते खरं धरू की नको यावर माझा अजून विचार चालू आहे.

आणि ‘भावना’! सगळ्यात जास्त बोचला असेल तो हा शब्द, असं मला वाटतं. मराठी घरात मन दुखतं, मनाला लागतं, जिवाला लागतं, फार झालं तर जिव्हारी लागतं. ‘भावना’ दुखावतात त्या समाजाच्या, समूहाच्या, भक्तांच्या, कार्यकर्त्यांच्या. हा शब्दप्रयोग आपल्याकडे निवेदनातून, मोर्च्यातून आणि पोलीस ठाण्यातून येतो. त्यामागे कायदाही आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २९८ होतं, कोणाच्या धार्मिक भावना दुखवण्याच्या हेतूनं शब्द उच्चारण्याबद्दल. १९२७ मध्ये २९५-अ आलं. त्यात एखाद्या वर्गाच्या धर्माचा अपमान करून त्याच्या धार्मिक भावनांवर जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं घाला घालण्याबद्दल जास्त कडक शिक्षा ठेवली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्यांची अनुक्रमे ३०२ आणि २९९ ही कलमं झाली. ज्या ३०२ ला आपण सारे खुनाचं कलम म्हणून ओळखत होतो, तो आकडा आता बोलून भावना दुखवण्याला मिळाला आहे आणि खून १०३ वर गेला आहे. गुन्हेवृत्त लिहिणाऱ्या नव्या पोरांना हे पाठ करायला लावावं लागतं.

या कायद्याच्या इंग्रजी मजकुरात दोन वेगळी क्रियापदं आहेत. एक जखम करणारं, दुसरं संतापाचा कडेलोट करणारं. मराठी बातमीत दोन्ही ‘भावना दुखावल्या’ होऊन येतात. माझ्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दोन्ही कलमं हेतू विचारतात. नुसतं कोणाला वाईट वाटलं म्हणून गुन्हा होत नाही. कोणीतरी ते जाणूनबुजून केलेलं असावं लागतं. म्हणजे कायद्याला ‘दुखवणे’ हवं आहे आणि निवेदनांत येतं ते ‘दुखावणे’ : ‘समाजाच्या भावना दुखावल्या आहेत, तरी संबंधितांवर कारवाई व्हावी.’ अवस्था सांगितली, करणी सांगायची राहिली. अशी निवेदनं छापताना ‘कोणी, काय बोलून किंवा करून’ हे मी वार्ताहराला विचारायचो. पुष्कळदा उत्तर निवेदनात नसायचंच.

‘दुखापत’ हा शब्दही इथे हाताशी असतो आणि तो भलत्या ठिकाणी जातो. कायद्यात दुखापत म्हणजे शरीराची : वेदना, आजार किंवा अपंगत्व. जुन्या संहितेत कलम ३१९, आता ११४. त्यापुढची ‘जबर दुखापत’ हीसुद्धा शरीराचीच. ‘त्यांच्या वक्तव्याने भावनांना दुखापत झाली’ असं मराठी मी नेहमी खोडलं आहे. तसंच ‘भावनांना ठेच पोहोचली’. भुसावळ जंक्शन, बऱ्हाणपूर, खंडवा इतके जवळ असल्यावर हिंदी आपल्या बोलण्यात येणारच, त्यात वाईट काही नाही. पण मराठीत ठेच लागते, पोहोचत नाही. हिंदीतला ‘ठेस’ गाडीत बसून आला आणि उतरताना फक्त ‘स’ बदलला.

निवेदनाची ही भाषा घरात आली की काय होतं ते तुम्ही पाहिलंत. जिभाऊ म्हणजे कोणी समाज किंवा गट नव्हे. त्यांना लागलं ते नेमकं काय, हे तुम्हाला मी सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खान्देशात कानबाई बसते, सोमवारी विसर्जन होतं. तिच्या प्रसादाचे गव्हाचे रोट भाऊबंदांनी मिळून खायचे असतात. बऱ्याच घरांत रोटांचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजून घेतात. निरोप राहिला म्हणजे जेवण चुकलं एवढंच झालं नाही, मुठी मोजताना नाव राहिलं. जिभाऊ कदाचित आलेही नसते, नोकरीची अडचण सांगितली असती. पण नाव घेतलं गेलं असतं.

आता आईंचं म्हणणं. त्या बरोबर आहेत आणि अहिराणीत शब्द नाही हेही खरं नाही. अहिराणीत म्हणतात, ‘तुनं बोलनं माले लागनं.’ कर्ता कोण? बोलणं. ज्याला लागलं तो ‘माले’. आणि बोलणारा ‘तुनं’ म्हणून त्या बोलण्याला चिकटलेला आहे. कोणाचं बोलणं ते सांगितल्याशिवाय वाक्य धड उभंच राहत नाही. प्रमाण मराठीतल्या ‘भावना दुखावल्या’ला जी पळवाट आहे, ती इथे नाही. ‘लागणे’ प्रमाण मराठीतही आहेच. दगड लागतो, ठेच लागते, पडलेल्या पोराला आपण ‘लागलं का रे?’ विचारतो. फक्त छापील मराठीनं मनासाठी हळूहळू ‘दुखावणे’ वर आणलं आणि ‘लागणे’ बोलण्यात ठेवलं. खान्देशात ते बोलण्यात टिकून आहे, म्हणून आईंना ‘दुखावल्या गेल्या’ परका वाटतो.

खान्देश म्हणजे एकच बोली असंही नाही. धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या पश्चिमेकडे अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यात अहिराणी. यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोली. शहादा, शिरपूर, चोपड्याकडे गुजर घरांची गुजरी. सातपुड्यात भिलोरी, पावरी. ब्रिटिश काळातला भाषाअभ्यासक ग्रियर्सन यानं भारतीय भाषांच्या पाहणीत खान्देशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीच्या खंडात न घालता भिल्ली बोलींसोबत नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात जागा दिली. तो भाग १९०७ साली निघाला आणि ती मराठीची बोली की वेगळी भाषा, हा तिथून सुरू झालेला वाद अजून चहावर चालतो. त्यात मी पडत नाही. एवढंच सांगतो की ‘माले’ काय, ‘मले’ काय, ‘ले’ लावून लागलेल्या माणसाकडे बोट दाखवण्याची पद्धत या पट्ट्यात ओळखीची आहे. बहिणाबाईंच्या ओव्या वाचणाऱ्या कोणालाही ‘मले’, ‘तुले’ नवं नाही.

खान्देशात लागलेलं माणूस ‘मी दुखावलो’ असं जाहीर करत नाही. ते रुसतं. ‘जिभाऊ रुसी गयात,’ एवढ्यात सगळं येतं. रुसणं ही अवस्था आहे आणि वागणंही : जेवायला न बसणं, आहेर न घेणं, फोटोत न येणं, आणि आजच्या काळात ग्रुप सोडणं. रुसण्याला उत्तरही ठरलेलं आहे, रुसवा काढायला जाणं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी न्यायला कोणी आलं नाही तर सासुरवाशीण रुसते, आणि तिचा रुसवा पत्रानं निघत नाही, भावाला जावं लागतं. ‘नाराज’ हा शब्द मी इथे मुद्दाम बाजूला ठेवतो. नाराज माणूस वाट बघत असतो, पदाची, तिकिटाची, फोनची, आणि ते मिळालं की त्याच संध्याकाळी हारासह फोटोत दिसतो. निवडणुकीच्या बातम्यांत ‘दुखावलेला गट’ असं आलं की मी तिथे ‘नाराज गट’ करायचो.

आसपासचे बाकीचे शब्दही चाळून घेऊ, कारण ‘दुखावणे’ सगळीकडे वापरून आपण त्यांना गंज चढवतो आहोत. ‘झोंबणे’मध्ये बोलणं खरं असल्याचा वास असतो. ‘खरं बोललं की झोंबतं’ हे बोलणाऱ्याच्या बाजूचं वाक्य आहे, त्यामुळे माफी मागताना ‘तुम्हाला झोंबलं असेल तर’ म्हणाल तर दुसरं भांडण सुरू होईल. ‘बोचणे’ टिकून राहतं आणि ते स्वतःचंही असू शकतं. आपणच केलेलं आपल्याला बोचतं. ‘खुपणे’ डोळ्यात असतं, तिथे दुखण्यापेक्षा न बघवणं जास्त. ‘हिरमुसणे’ला गुन्हेगार लागत नाही. जत्रा पावसानं बुडाली तरी पोरं हिरमुसतात. ‘जिव्हारी लागणे’ मोठ्या घावासाठी राखून ठेवावं. जिव्हार म्हणजे मर्म. क्रिकेटच्या पराभवाला ते लावून लावून आपण त्याची धार घालवली. ‘टोमणा’, ‘टोचून बोलणं’ हे करणाऱ्याच्या बाजूचे शब्द, त्यात हेतू आधीच गृहीत असतो. तुमच्या बाबतीत त्यातलं काही नाही. निरोप राहिला, एवढंच.

माफीच्या शब्दांतही असेच दोन पक्ष आहेत. ‘दिलगिरी’ म्हणजे मला वाईट वाटतं. ‘माफी’ म्हणजे मी चुकलो, सोडून द्या. जाहीर माफीनामा लिहून द्यायला आलेली माणसं हमखास विचारतात, ‘माफी’ऐवजी ‘दिलगिरी’ घातलं तर चालेल का? आणि ज्याच्यासाठी माफीनामा असतो तो हमखास ‘माफी’वर अडतो. दोघांनाही फरक पक्का कळत असतो. ‘क्षमस्व’ हे संस्कृत आज्ञार्थी रूप आहे, ‘तू क्षमा कर’ असं, तेही एकवचनात. जिभाऊंना तुम्ही आधी ‘आपल्या’ म्हणालात आणि शेवटी संस्कृतातून अरे-तुरे केलंत! हे अर्थात कोणाच्या लक्षात येत नाही आणि मी ते चूकही धरत नाही. पण फलकांवर दिसणारं ‘गैरसोयीबद्दल आम्ही क्षमस्व आहोत’ मात्र सोडवत नाही. ‘आम्ही क्षमा कर आहोत’ असं ते होतं.

लग्नपत्रिकेतली एक ओळ मला या बाबतीत फार शहाणी वाटते : ‘नजरचुकीने कोणास निमंत्रण द्यावयाचे राहून गेले असल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजून अगत्य यावे.’ यात दुखणं नाही, दुखवणं नाही, भावना नाहीत. चूक कसली ते सांगितलं आहे, राहिलेलं काम काय तेही, आणि ते तिथल्या तिथे पुरं केलं आहे. तिच्यातही ‘असल्यास’ आहे, पण ते खरं आहे, कारण छापताना कोण राहिलं ते यजमानाला माहीत नसतं. तुम्हाला माहीत होतं.

म्हणून लिहायचंच असेल तर असं लिहा : ‘जिभाऊ, रोटांचा निरोप तुम्हाला मी द्यायला हवा होता. दिला नाही. चूक माझी आहे. तुम्हाला वाईट वाटलं, वाटणारच. माफ करा.’ ‘दुखवलं’ घालायचं असेल तर ‘मी तुम्हाला दुखवलं’ एवढंच, पुढे-मागे ‘कळत-नकळत’ नको. ‘तर’ तर नकोच. मला विचाराल तर ‘दुखवलं’ची गरजही नाही, कारण निरोप राहिला हे स्पष्ट लिहिल्यावर कोणी काय केलं ते आलंच. आणि घरात अहिराणी बोलत असाल तर माफी प्रमाण मराठीत का मागता? ‘जिभाऊ, तुम्हले निरोप देवाना राही गया. चूक मनी शे.’ यात गेलेली ‘कळत-नकळत’ कोणी शोधणार नाही. ग्रुप त्यांनी सोडलाच आहे, तेव्हा हे फोनवर किंवा धुळ्याला जाऊन बोलावं लागेल. बोलताना ‘माफी’ हा शब्द आला नाही तरी चालेल, पण ‘चूक मनी शे’ आलं पाहिजे. रुसवा काढायला गेल्यावर आधी चहा-पाणी होईल, मग जिभाऊ दोन गोष्टी ऐकवतील. त्या वेळी खुलासा करू नका. ‘फोन लागला नाही’, ‘बायकोला सांगितलं होतं’, ‘पोरं म्हणाली ग्रुपवर टाकलं’, यातलं प्रत्येक वाक्य तुम्हाला पुन्हा ‘माझ्याकडून’च्या जागी नेऊन बसवेल.

राहिला निबंध. बाईंची रेघ बरोबर आहे. ‘दुःख’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, म्हणून त्याला विसर्ग. ‘दुःखी’, ‘दुःखद’ यांनाही. त्यावरून मराठीनं आपल्या पद्धतीनं घडवलेल्या शब्दांत विसर्ग गळतो : दुखणे, दुखणं, दुखरा, दुखवणे, दुखावणे, दुखापत, दुखवटा. ‘दु’ सगळीकडे ऱ्हस्व. मुलीनं ‘दुखावले’ असं लिहायला हवं होतं, आणि वाक्य ‘तिने मला दुःखावले’ असं असेल तर बाईंना ‘दुखवले’ जास्त आवडेल का, हे एकदा विचारून घ्या.